चिंध्यांची चांदणी : गोधडीच्या इतिहासाचा एक मागोवा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते गड, तह आणि लढाया. घरातील माळ्यावर किंवा पलंगाच्या गादीखाली घडी घालून ठेवलेल्या गोधडीलाही इतिहास असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहेच. प्रस्तुत लेखात आपल्यापैकी बहुतेकांच्या सामानातून म्हैसूरला आलेल्या, पण कोणत्याही कागदोपत्री नोंद नसलेल्या या वस्तूचा थोडा विचार करावयाचा आहे. तो करताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. जिला आपण अस्सल मराठी घरची खूण समजतो, त्या गोधडीत मराठी मुलुखाइतकाच कन्नड मुलूखही शिवलेला आहे.

प्रारंभी गोधडी म्हणजे काय हे स्पष्ट केलेले बरे. रजई किंवा दुलई यांत पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस असतो. गोधडीत कापूस नसतो. जुनेर लुगडी, धोतरे, सदरे, परकर असे धडुते एकावर एक पसरावयाचे आणि मोठ्या सुईने धावदोरा घालून ते थर एकजीव करावयाचे, ही गोधडी. वरच्या थरावर चिंध्यांचे चौकोन, त्रिकोण, पट्ट्या जोडून नक्षी साधतात. तान्ह्या बाळाचे ते दुपटे आणि जाडजूड, पुष्कळ थरांची, वर्षानुवर्षे ठिगळे लागत गेलेली ती वाकळ. कन्नडमध्ये हिलाच कौदी म्हणतात. तीन-चार थरांची गोधडी दख्खनच्या पठारावरील थंडीला पुरेशी होते. म्हैसूरच्या सौम्य हिवाळ्यात तर रजई नकोशी वाटते आणि चादर अपुरी पडते. तेथे गोधडीच नेमकी उपयोगी पडते.

चीवरापासून कंथेपर्यंत

तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, याचा एक सुंदर दाखला बौद्ध विनयपिटकात मिळतो. मगध देशातून जात असता बुद्धांनी बांधांनी विभागलेली शेते पाहिली आणि भिक्षूंचे चीवर त्या शेतांसारखे करता येईल का, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे कापून, शेतांच्या तुकड्यांसारखे जोडून चीवर सिद्ध केले. उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, त्यांचे वस्त्र करून अंगावर घेणे हे भिक्षूचे व्रतच होते. अशा चीवरांची परंपरा धर्माबरोबर दूरवर गेली. ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये चीनच्या वायव्येकडील तुन-ह्वांग येथील लेण्यांतून जी वस्त्रे मिळवली, त्यांत तुकडे जोडून केलेले वस्त्रही आहे. ज्या वस्तूला आपण दारिद्र्याची खूण समजतो, ती एके काळी वैराग्याची खूण होती. संस्कृतातील कंथा हा शब्दही हाच अर्थ सांगतो. बंगालमध्ये तो काँथा या रूपाने आजही जिवंत आहे.

महाराष्ट्रात सुईदोऱ्याला संतत्वाचे तेज लाभले ते नामदेवांमुळे. इ. स. १२७० मध्ये जन्मलेला हा शिंप्याचा मुलगा पंढरपुराहून निघून थेट पंजाबात घुमानपर्यंत गेला आणि त्याची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. सुई, दोरा, कात्री ही आपल्या व्यवसायाची साधनेच त्याने भक्तीच्या भाषेत वापरली. मायभूमीपासून दूर राहिलेल्या मराठी माणसांचा मूळपुरुष शोधावयाचा झाल्यास तो एखाद्या सरदारात न शोधता या शिंप्यात शोधावा, असे मला वाटते.

तलवार आणि सुई

कारण म्हैसूरच्या परिसरात मराठी माणूस दोन्ही वाटांनी आला. १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६८७ मध्ये ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. १७९१-९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा श्रीरंगपट्टणाच्या मोहिमेत होत्या. त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही आपण विसरता कामा नये. पुढे संस्थानच्या कारभारात तंजावरी मराठी घराण्यांतील माणसे मोठ्या अधिकारपदांवर चढली. १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले टी. आनंदराव हे सर टी. माधवराव यांचे चिरंजीव.

या सर्वांची नोंद ग्रंथांत आहे. ज्यांची नोंद अशी ठळक नाही, ते भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी. कापड रंगविणे, छापणे आणि शिवणे हा ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय, अशी ही मंडळी पिढ्यान् पिढ्या कर्नाटकात राहिली. बाजारात कन्नड आणि घरात मराठी बोलत, हिंगलाजमातेचे आणि विठ्ठलाचे कुळाचार त्यांनी सांभाळले. आपण नोकरीनिमित्त बदलीवर येथे आलो. ते कित्येक पिढ्यांपूर्वी सुई घेऊन आले आणि येथलेच झाले. फौजा आल्या तशा गेल्या. सुई घेऊन आलेली माणसे मात्र राहिली, कारण शिवणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक गावाला असते. अशा शिंप्याच्या दुकानातील उरल्या चिंध्यांचे बोचके हेच गोधडी शिवणाऱ्या घरांचे भांडार.

गोधडीतील कन्नड मुलूख

आता गोधडीकडे जरा जवळून पाहू. आजीच्या गोधडीत हमखास सापडतो तो इरकली लुगड्याचा काठ. देशावरच्या आणि दक्षिण महाराष्ट्राच्या मराठी स्त्रीने पिढ्यान् पिढ्या नेसलेले हे लुगडे विणले जाते ते कर्नाटकातील इळकल या गावी. अंग सुती, पदर लाल. आणि अंगाचा ताणा व पदराचा ताणा वेगवेगळे घेऊन, फासे एकमेकांत अडकवून ते जोडलेले असतात. या रीतीला तेथे टोपे-तेनी म्हणतात. म्हणजे गोधडीत जाण्यापूर्वी ते लुगडे मुळातच जोडकामाचे असते!

तीच गोष्ट खणाची. सुवासिनीची ओटी ज्या खणाने भरावयाची, चैत्रगौरीपुढे जो मांडावयाचा, त्या खणाचे मोठे माहेर म्हणजे गुळेदगुड्ड. तेही बागलकोट जिल्ह्यातच. खणाची चोळी अंगास बेताची कापली की उरणारे लहान त्रिकोण नि पट्ट्या टाकून देण्यास कोणाचे मन धजत नसे. ते गोधडीच्या मध्यभागी जात. इळकल आणि गुळेदगुड्ड ज्या जुन्या विजापूर जिल्ह्यात होती, तो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. त्या दिवशी राज्याची सीमा बदलली. पण विणकर कन्नड, नेसणारी मराठी, आणि जुनेर झाल्यावर दोन्हीकडे गोधडी अथवा कौदी, हा व्यवहार त्या सीमेने थांबला नाही.

याच संदर्भात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचा उल्लेख केलाच पाहिजे. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील अरण्यात राहणारे हे लोक मूळचे आफ्रिकेतील. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी जे सुटून सह्याद्रीच्या रानात आले, त्यांचे हे वंशज. त्यांच्यातील पुष्कळांची घरची बोली कोकणी आहे. सिद्दी स्त्रियांची गोधडी कवंडी या नावाने ओळखली जाते. ती कडेपासून शिवावयास घेतात आणि काठाशी समांतर धावदोरे घालीत, चिंध्या बसवीत, हळूहळू मध्यापर्यंत येतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ लावावयाची. फुलांवाचून कवंडी उघडी राहिली, असे त्या मानतात. हा ‘फूल’ शब्द आणि ही भावना आपल्याला परकी वाटते काय? गुलामगिरीतून सुटून आलेल्या, जवळ काहीही नसलेल्या माणसांनी परक्या भूमीत जे पहिले उबेचे साधन केले, ते तेथल्याच चिंध्यांचे केले, आणि त्यावर फूल लावावयास मात्र त्या स्त्रिया विसरल्या नाहीत.

सातासमुद्रापलीकडे

हेन्री जॉन ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने या शतकाच्या आरंभी सिद्दी स्त्रियांच्या या कामाचा अभ्यास करून ते जगापुढे आणले. त्यांच्याच देशात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांची एक अशीच कथा घडली होती. अलाबामा राज्यातील जीज बेंड या नदीच्या वळणावरील खेड्यात कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रिया कामावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. हेतू एकच, घरातील मुलांना थंडी वाजू नये. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकन टपालखात्याने त्यांची तिकिटे काढली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे प्रत्येक गोधडीखाली ती शिवणाऱ्या स्त्रीचे नाव लिहिलेले होते.

अमेरिकेतच चिंध्यांच्या पट्ट्यांची चांदणी फार लोकप्रिय आहे. १९३० नंतरच्या मंदीत, जेव्हा बोटभर रुंदीची धांदोटीही टाकणे परवडत नसे, तेव्हा घरोघरच्या स्त्रिया वर्तमानपत्राच्या कागदावर या पट्ट्या एकीशेजारी एक शिवून त्यांचे मोठे तुकडे करीत. काही जुन्या गोधड्यांत तो कागद तसाच राहिलेला आढळतो आणि त्यावरील मजकुरावरून गोधडीचा काळ ठरविता येतो. लाकोटा या तेथील मूळ रहिवाशांनी तर चांदणीला आपलेच मानले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गव्यांचे कळप नाहीसे झाले, कातड्याची पांघरुणे संपली, आणि मिशनऱ्यांकडून शिकलेल्या शिवणकामातून त्यांनी पहाटेच्या ताऱ्याची गोधडी घडविली. जन्म, मृत्यू, सन्मान अशा प्रसंगी ती भेट देण्याची रीत आजही आहे. आपल्याकडे ओटीच्या खणाला जे स्थान, तेच तेथे या चांदणीला.

म्हैसूरजवळची चांदणी

चांदणीचा आकार पाहावयास आपल्याला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. म्हैसूरपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर सोमनाथपूर येथे होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ दंडनायक याने १२५८ मध्ये बांधलेले केशवमंदिर आपण सर्वांनीच, पाहुण्यांसोबत का होईना, पाहिलेले आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली. त्या मंदिराची तीनही गर्भगृहे बाहेरून तारकाकृती आहेत. चौरस आपल्या मध्याभोवती थोडाथोडा फिरवीत गेले की त्याचे कोपरे बाहेर डोकावतात आणि चांदणी होते. गोधडीतील चांदणीचेही तत्त्व तेच. एकच आकार एका केंद्राभोवती समान कोनाने फिरवावयाचा. फरक इतकाच, की सोमनाथपुरी ते दगडात केले आहे आणि येथे चिंधीत करावयाचे आहे.

ज्या भगिनींना, आणि बंधूंनाही, हे करून पाहावेसे वाटेल, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात देतो. कागदावर शंकरपाळ्याच्या आकाराचा, ७ इंच बाजूचा आणि ४५ अंशांच्या निमुळत्या टोकाचा तुकडा आखून कापावा. असे आठ कागद घ्यावेत. आठ वेळा ४५ म्हणजे ३६० अंश, अर्थात पूर्ण वर्तुळ. जुने सुती कापड धुऊन, रंग जात नाही याची खात्री करून, सव्वादोन-अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. पहिली पट्टी शंकरपाळ्याच्या एका निमुळत्या टोकावर आडवी, सुलट बाजू वर करून ठेवावी. दुसरी तिच्यावर उलटी ठेवून पाव इंच आत कागदासकट शिवावी, मग उलगडून इस्त्री करावी. अशा सुमारे सात पट्ट्यांत शंकरपाळे भरते. मग कडेने पाव इंच शिलाईसाठी राखून जादा कापड कापून टाकावे.

कागदाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. तिरके कापलेले कापड ओढले की ताणते. कागद त्याला ताणू देत नाही. म्हणून सर्व जोडकाम होईपर्यंत तो काढू नये. प्रथम दोन-दोन शंकरपाळी जोडावी, मग चार-चार, आणि शेवटी दोन्ही अर्धुके. मध्यभागी आठही टोके एका बिंदूत मिळाली की काम साधले. चांदणीच्या बाहेरील खाचांत चार चौरस आणि चार त्रिकोण एकाच फिक्या रंगाच्या कापडाचे बसवावेत; खाचेच्या आतील कोपऱ्यापाशी शिलाई पाव इंच आधीच थांबवावी, म्हणजे चुणी पडत नाही. असा एक चौरस सुमारे २४ इंचांचा होतो. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ चौरस जोडले की ६ फूट लांब-रुंद पांघरूण तयार. मग खाली जुन्या लुगड्याचे थर, त्याखाली अस्तर, आणि वर आपला नेहमीचा धावदोरा.

ही बखर पुढे कोण लिहिणार?

गोधडीचे थर उलगडले तर घराचा काळ वाचता येतो. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि त्यानंतर हळूहळू हातमागाच्या लुगड्याशेजारी गिरणीचे पातळ आले. एखाद्या थरात १९२१ नंतरच्या असहकाराच्या दिवसांतील जाडीभरडी खादी, एखाद्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळचे कंट्रोलचे कापड. मग टेरिलीन आणि टेरिकॉट आले. हे कापड फाटत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही. त्याची गोधडी सुईलाही नकोशी आणि अंगालाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला आणि त्यानंतर ज्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्याबरोबर गोधडीला लागणारे स्वस्त सुती कापडही पुष्कळसे गेले. सुती नऊवारी नेसणारी शेवटची पिढी आपल्या डोळ्यांसमोर मावळली. म्हणजे गोधडी मागे पडली ती केवळ हौस आटल्यामुळे नव्हे. तिला लागणारा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला.

दुसरे कारण आपल्या मनात आहे. आमच्या लहानपणी घरात पाहुणे आले की गोधड्या आत जात आणि ठेवणीतल्या रजया बाहेर येत. गोधडी म्हणजे गरिबी, हे समीकरण आपण मनोमन मान्य केले होते, आणि ते सर्वस्वी खोटे होते असेही नाही. कित्येक घरी दुसरे पांघरूण नव्हते म्हणूनच गोधडी होती. खेडोपाडी फिरून, मजुरीवर, दुसऱ्यांच्या घरच्या गोधड्या शिवणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या बोटांना पडलेले घट्टे कोणी पाहिले नाहीत आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आज शहरांतील दुकानांत हातशिलाईच्या गोधड्या चांगल्या किमतीला विकल्या जातात, तेव्हा या अनामिक स्त्रियांचे स्मरण ठेवणे एवढे तरी आपण करू शकतो. कौतुकाच्या भरात त्यांच्या गरिबीला कला म्हणून सजवू नये, आणि त्यांच्या कलेला गरिबी म्हणून झाकूही नये.

आपल्या शहरातच याचा एक चांगला धडा आहे. म्हैसूर विद्यापीठाने १९६८ मध्ये मानसगंगोत्रीत लोकजीवनाचे वस्तुसंग्रहालय स्थापन केले, ते जयलक्ष्मी विलास या राजकन्येसाठी बांधलेल्या प्रासादात. सामान्यांच्या घरच्या वस्तूंना राजवाड्यात जागा मिळाली. आपल्या घरच्या वस्तूंना निदान आपल्या कपाटात तरी जागा मिळावी.

याच दृष्टीने मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. एका चांदणीची आठ शंकरपाळी, प्रत्येकीत सात पट्ट्या, म्हणजे ५६ पट्ट्या लागतात. मंडळाच्या ५० वर्षांसाठी सभासद कुटुंबांकडून ५० पट्ट्या घ्याव्यात: कोणाच्या आईचे इरकली, कोणाच्या वडिलांचे धोतर, कोणाच्या बाळाची कुंची. उरलेल्या सहा पट्ट्या आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडून मागून आणाव्यात. प्रत्येक पट्टी कोणाची, कोणत्या गावची, ती कोणी विणली आणि कोणी नेसली, हे वहीत लिहून ठेवावे, आणि शिवणाऱ्या हातांची नावे अस्तरावर दोऱ्याने काढावीत. आपली मुले घरात मराठी बोलतात, पण ती वाचणारी थोडी. काहींना आजोळचे गाव केवळ नावानेच ठाऊक. त्यांच्या हाती इतिहासाचे पुस्तक देऊन जे साधत नाही, ते कदाचित एका पट्टीवर बोट ठेवून, ‘हे तुझ्या पणजीचे लुगडे, ते इळकलला विणले होते,’ एवढे सांगितल्याने साधेल.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकविली. पण अंथरूण अपुरे पडले तर त्यास आणखी एक तुकडा जोडावा, हे त्यांनी म्हणीतून न सांगता कृतीतून शिकविले. म्हैसूरने आपल्या अंथरुणाला असा तुकडा गेली पन्नास वर्षे जोडलेला आहे. त्याची शिलाई पक्की ठेवणे हे पुढील पन्नास वर्षांचे काम होय.